पावाच्या गाडीची परतीची फेरी

मित्रांनो, शाळेतून आलात की दप्तरं भिंतीशी भिरकावून ज्या गाडीत तुम्ही लपाछपी खेळता, जिच्या काचेवरच्या धुळीत बोटाने एकमेकांना 'माकड' असं लिहून ठेवता, ती गाडी म्हणजे मी. एके काळी मी या बेकरीची पावाची गाडी होते. आज माझ्या दोन चाकांत हवा नाही, मागच्या दाराची कडी लागत नाही आणि बेकरीतली बाई माझ्या बॉनेटवर फडकी वाळत घालते. पण म्हणून कुणीही यावं आणि मला डबडं म्हणावं, असं नाही हं. काल तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "या डबड्याला काय कळतंय!" कळतं बरं का. सगळं कळतं. आजवर बोलले नाही, इतकंच.

आज बोलते, कारण माझं तुमच्याकडे एक काम आहे. ते शेवटी सांगेन. आधीच सांगितलं तर तुम्ही गोष्ट अर्ध्यावर टाकून पळाल, मी ओळखून आहे तुम्हाला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा ठोकण्याचा असा दणदणाट असायचा की जन्मल्या जन्मल्याच माझे कान किटले. माझ्या शेजारी उभी असलेली एक गाडी रुग्णवाहिका झाली, दुसरी पोलिसांकडे गेली. मला वाटलं, आता आपल्याही नशिबी काहीतरी थोर येणार. आणि मला घ्यायला आलं कोण? तर पोट सुटलेला, भुवयांवर मैदा असलेला एक बेकरीवाला! मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. त्याने मला दुधावरच्या सायीसारखा रंग दिला, लाल पट्टे मारले आणि दोन्ही अंगांना पावाचं चित्र काढून घेतलं. रंगाऱ्याने पाव इतका गुबगुबीत काढला की लोक मला गादी-उशांची गाडी समजायचे.

पण पहिल्याच दिवशी भट्टीतले गरमागरम पाव माझ्या पोटात ठेवले आणि माझा सगळा रुसवा गेला. काय सांगू तो वास! मी गल्लीत शिरले की खिडक्या उघडायच्या. आजारी माणसं उठून बसायची. मालक स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझी लक्ष्मी आहे ही." असे लाडाचे दिवस बरेच टिकले.

मग एक नवी गाडी आली. तिची दारं सरकायची, भोंगा गाणं म्हणायचा. शहरातली सगळी दुकानं तिच्याकडे गेली आणि मला दिली डोंगरावरची फेरी. ती फेरी कुणालाच नको असायची. वळणं, चढ, धुकं आणि वर पोचल्यावर चार घरांची गावं. माझ्याबरोबर तिथे ज्याला पाठवलं तो ड्रायव्हरही मालकाच्या मनातून उतरलेलाच होता. उंच, काटकुळा, कान पुढे आलेले. मालक ओरडायचा, "लवकर!" हा म्हणायचा, "सावकाश." कुणी विचारलं, कसं काय चाललंय? "सावकाश." जेवण झालं का? "सावकाश जेवू." म्हणून सगळी बेकरी त्याला सावकाशमामा म्हणायची. मला आधी तो अजिबात आवडला नाही. पण चढावर तो माझं इंजिन कधी रडवायचा नाही. घाट संपला की खाली उतरून बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "दमलीस ना? टेक जरा." असं म्हणणारं माणूस एकदा भेटलं की मग दुसरं कुणी नको वाटतं.

आता त्या डोंगराविषयी सांगते. त्या डोंगररांगेतून एक लांबलचक पायवाट जाते. एका टोकाला सुरुवात केली की कित्येक आठवडे चालत राहायचं, तेव्हा कुठे दुसरं टोक येतं. ते दुसरं टोक म्हणजे माझ्या फेरीतलं सगळ्यात वरचं, शेवटचं गाव. तिथे एक दगडी खांब आहे. वाट पुरी करणारे लोक त्या खांबाला मिठी मारतात, फोटो काढतात, कुणी कुणी तर रडतात. आणि मग सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न उमटतो. आता घरी कसं जायचं?

गंमत बघा. इथवर यायला त्यांना फक्त पाय लागलेले असतात. इथून परत जायला मात्र पैसे लागतात, आणि तोवर खिशात फारसे उरलेले नसतात. गावात एक टॅक्सीवाला होता. तो खांबाजवळ गाडी लावून बगळ्यासारखा टपून बसायचा. त्याचं भाडं ऐकून धडधाकट माणसं मटकन खाली बसायची.

सावकाशमामाला हे बघवेना. तो म्हणायचा, "आपण रिकामे ट्रे घेऊन खालीच जातोय. त्यात दोन माणसं बसली तर गाडीचं काय झिजतं?" (झिजत होतं, पण मी गप्प बसले.) त्याने पैसे कधी घेतले नाहीत. नियम मात्र दोन होते. बसेल त्याने वाटेतले रिकामे ट्रे पुसून रचायचे, आणि बूट काढून बाहेर मागच्या शिडीला बांधायचे. इतके आठवडे चाललेल्या बुटांचा वास पावाच्या गाडीत नको, म्हणून. कित्येकदा मी ते बूट तोरणासारखे मिरवत घाट उतरले आहे. मालकाला हे सगळं ठाऊक होतं, पण ट्रे इतके लखलखीत येतात म्हटल्यावर तो कानाडोळा करायचा.

तर एका शनिवारी सकाळी मी त्या शेवटच्या गावातल्या दुकानापुढे उभी होते. दुकान एका बाईचं. मागच्या खोलीत ती चालणाऱ्या लोकांना झोपायला जागा द्यायची. त्या खोलीतून एक बहीण-भाऊ बाहेर आले. दोघांचेही केस पिकलेले, चेहरे उन्हाने रापलेले. बहीण थोरली. ती आपल्या शहरात कपडे शिवायची. भाऊ रेल्वेच्या तिकीटखिडकीवर नोकरी करून नुकताच निवृत्त झालेला. आपण त्याला तिकीटबाबू म्हणू. तिला तो ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते.

तिकीटबाबूने खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी काढली आणि तिच्यातून दोन तिकिटं.

"बाई, इथून स्टेशन किती लांब?" त्याने ऐटीत विचारलं. "आमची परतीची तिकिटं तयार आहेत. जाऊन-येऊन एकदम काढली की निम्म्यात पडतात. जन्मभर खिडकीत बसून मी लोकांना हेच सांगत आलो."

दुकानदारीणबाईने तिकिटं घेतली. चष्मा वर केला, खाली केला. "अहो दादा," ती म्हणाली, "ही गाडी तर तुम्ही जिथून चालायला सुरुवात केलीत, त्या गावाहून सुटते."

"हो मग! जाऊन आणि येऊन..." बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

बाईला हसू फुटलं. "आता परत तेवढंच उलटं चाला की राव!" पण तिची नजर ताईच्या चेहऱ्याकडे गेली आणि तिचं हसू तिथल्या तिथे विरलं.

ताई भावाला रागावली नाही. तसं रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "धाकट्या, आज शनिवार आहे रे." आणि तिकीटबाबू पिठाच्या पोत्यावर बसला. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं बिनचूक काढून दिली होती त्याने. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काढली, ती सवयीने हात जसा वळला तशी काढली.

शनिवारचं काय होतं, ते ताईने दुकानात उभं राहून सांगितलं. माझी मागची दारं उघडी होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांची आई खूप म्हातारी होती. दोघांनी मिळून तिचं सगळं केलं होतं, वर्षानुवर्षं, कुरकुर न करता. ही वाट चालायची हौस दोघांना तरुणपणापासून, पण आईला सोडून जायचं कसं? शेवटी आईनेच त्यांना ढकललं. "गुडघे आहेत तोवर जा. मला ठेवा कुठेतरी तेवढे दिवस," म्हणाली. म्हणून त्यांनी तिला एका वृद्धाश्रमात तेवढ्यापुरतं ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, अमुक शनिवारी, दिवे लागायच्या आत आम्ही तुला न्यायला येतो.

"आईला हल्ली सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही," ताई म्हणाली. "पण शनिवार तिच्या डोक्यात पक्का बसलाय. परवा फोन केला तर तिथल्या बाई सांगत होत्या, आजींनी पिशवी भरून ठेवलीय, रोज विचारतात, आज शनिवार का? आणि तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी आहेत. त्यांचा मुलगाही असंच दोन आठवड्यांचं सांगून गेला. त्याला आता कित्येक वर्षं झाली. त्या आजी अजून शनिवारी केस विंचरून बसतात. आई ते रोज बघते हो. आज आम्ही गेलो नाही, तर तिला वाटेल, आपलंही तसंच झालं."

दुकानदारीणबाईने पदराने नाक पुसलं. तिने बसचं सांगितलं, पण बस सोमवारशिवाय नव्हती. मग तिने टॅक्सीवाल्याला हाक मारली. त्याने भाडं सांगितलं.

"अहो, मी भाडं विचारलं," ताई म्हणाली. "गाडीची किंमत नाही."

सावकाशमामा आतापर्यंत पावाचे ट्रे उतरवत होता. शेवटचा ट्रे ठेवून त्याने हात झटकले. "बघू," तो म्हणाला. "सावकाश काहीतरी करू."

तेव्हा कुणाच्या खिशात फोन नसायचे. मामाने दुकानातल्या फोनवरून घाटाखालच्या पेट्रोल पंपावर फोन लावला. हा पंप म्हणजे परतीच्या गाड्यांचा अड्डा. फुलं पोचवून परतणारी गाडी, वर्तमानपत्रं टाकून परतणारी गाडी, सगळ्या रिकाम्या गाड्या तिथे थांबायच्या, आणि कोण कुठे चाललंय हे पंपवाल्या बाईला तोंडपाठ असायचं. ताईच्या शहरातून एक अंडीवाला दर शनिवारी यायचा आणि दुपारी रिकामा परत जायचा. तो मामाच्या अगदी उलट. सतत घाईत. त्याला सगळे वादळ म्हणायचे. अंड्यांच्या गाडीवर असा माणूस कुणी ठेवला, हे मला कधी कळलं नाही.

"वादळाला सांग," मामा फोनमध्ये ओरडला, "माझे दोन पाहुणे येतायत. दोघांच्या पाठीवर मोठ्या सॅका. त्यांना पार वृद्धाश्रमाच्या दारात सोडायचं. तिथे म्हातारी आई वाट बघतेय. मी येईपर्यंत थांब म्हणावं त्याला!"

पत्ता सांगून झाला. बूट माझ्या शिडीला बांधले गेले. ताई पुढे मामाशेजारी बसली, तिकीटबाबू मागे ट्रेंच्या मध्ये. आणि आम्ही निघालो.

वाटेतल्या प्रत्येक गावातले रिकामे ट्रे गोळा करायचं माझं काम होतं, ते काही चुकवता येत नव्हतं. पण त्या दिवशी ताई आणि तिकीटबाबू मी थांबायच्या आधीच खाली उडी मारायचे. ट्रे उचलायचे, पुसायचे, रचायचे. तिकीटबाबूने तर ट्रे असे रचले की त्यांच्यात बोट जाऊ नये. प्रत्येक दुकानात मात्र मामाला कुणीतरी विचारायचंच, "काय मामा, कसं काय?" आणि मामा उत्तर द्यायला उभा राहायचा. उतारावर मी माझ्या चालीने चालले होते. ताईच्या पायाशी ॲक्सिलरेटर नव्हता, तरी ती उजवा पाय माझ्या पत्र्यावर दाबून बसली होती. मला ते जाणवत होतं आणि वाईट वाटत होतं.

"मामा, जरा जोरात घेता येईल का?" तिने शेवटी विचारलंच.

"ताई, या उतारावर घाई केली तर आई वाटच बघत राहतील. कायमची," मामा म्हणाला. मग तिचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "पोचवतो. शब्द देतो."

आम्ही पंपावर पोचलो. अंड्यांची गाडी नव्हती.

"वादळ?" पंपवाली बाई म्हणाली. "तो तर केव्हाच गेला की. तुमचे पाहुणे घेऊन!"

"माझे पाहुणे? माझे पाहुणे हे काय माझ्यासोबत उभे आहेत!"

बाईने आधी ताईकडे पाहिलं, मग तिकीटबाबूकडे, मग दोघांच्या सॅकांकडे. तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "अगं बाई! दोन मुली उभ्या होत्या हो इथे. तीच वाट चालून आलेल्या, पाठीवर मोठ्या सॅका. मी विचारलं, घरी जायचंय ना? त्या म्हणाल्या, हो. मग मीच बसवून दिल्या. वादळ तर इंजिन बंदसुद्धा करत नाही, जास्त विचारायला वेळ कुठे असतो?"

म्हणजे त्या दोन मुली, कुठल्या कोण, फुकटात निघाल्या होत्या वृद्धाश्रमाच्या दाराकडे. एरवी मी हसून हसून खिळखिळी झाले असते. पण ताई पंपाच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. इतके आठवडे डोंगर चढली, उतरली, पायाला फोड आले तरी ती रडली नसेल. "आईने मला विचारलं होतं, नक्की ना गं?" ती म्हणत होती. "मी म्हटलं, आई, मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय का?" तिकीटबाबू तिच्याजवळ उभा राहून नुसता तिच्या पाठीवर हात फिरवत होता.

सावकाशमामाने माझ्याभोवती एक चक्कर मारली. चाकांना पायाने ठोकून बघितलं. मग बॉनेटवर हात ठेवून अगदी हळू विचारलं, "म्हातारे, जमेल का गं?"

मित्रांनो, माझ्या तोंडचं पाणी पळालं. रेडिएटरमधलं तर आधीच पळत होतं. ताईच्या शहराकडे जाणाऱ्या त्या मोठ्या रस्त्यावर मी आयुष्यात कधी गेले नव्हते. माझी धाव बेकरी ते डोंगर. पण त्याने मला विचारलं होतं. हुकूम सोडला नव्हता. मग नाही कसं म्हणणार? चावी फिरवल्याबरोबर मी एका दमात चालू झाले.

निघताना मामा पंपवाल्या बाईला म्हणाला, "आमच्या मालकांना फोन करून कळव, गाडी उद्या येईल म्हणून. पण आम्ही दिसेनासे झालो की मगच कर."

त्या रस्त्यावर माझी जी काही अब्रू गेली, ती विचारू नका. ट्रक भोंगे वाजवत अंगावरून जायचे. मोटारीतली पोरं माझ्यावरचा पाव बघून हसायची. शिडीवरचे बूट वाऱ्याने माझ्याच पाठीत लाथा घालत होते. मागच्या दाराची कडी तुटली, तर तिकीटबाबूने आपल्या सॅकच्या दोरीने दार बांधलं आणि वर हाताने धरून बसला. मी तापले की थांबायचं, त्यांच्या बाटल्यांतलं पाणी माझ्यात ओतायचं आणि पुन्हा निघायचं. वाटेत मामाने त्यांना पाव दिले. ताईने एक तुकडा तोडला आणि तो हातातच धरून ती पुढचा रस्ता बघत राहिली.

ताईच्या शहराच्या तोंडाशी एक मोठा पूल आहे. त्याच्या चढावर मी बसले. काही केल्या माझ्याने होईना. क्लचमधून जळका वास यायला लागला. उन्हं पिवळी झाली होती. मला वाटलं, गेलं सगळं. आता माझ्यामुळे ती म्हातारी बसणार रडत.

तिकीटबाबू खाली उतरला. "ताई, ये गं," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या आवाजात जोर आला होता. "इतके डोंगर चढलो, हा तर पूल आहे."

दोघांनी अनवाणी पायांनी मला मागून रेटा दिला. काय पाय झाले होते ते चालून चालून! मी इंच इंच वर सरकायला लागले. मागच्या मोटारीतला एक साहेब आधी भोंगा वाजवत होता, मग टाय खांद्यावर टाकून तोही ढकलायला आला. पुलाच्या माथ्यावर मामाने गिअर टाकला, मी एक मोठी ढेकर दिली आणि चालू झाले. दोघं धावत येऊन आत चढले. ताई हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

आम्ही वृद्धाश्रमाच्या गल्लीत वळलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच पेटायला लागले होते. काही लागले होते, काही अजून डोळे मिचकावत होते. समोर दार. दारात खुर्ची. खुर्चीत एक छोटीशी म्हातारी, अंगात स्वेटर, पायात मोजे-बूट, मांडीवर पिशवी. आणि तिच्या दोन बाजूंना, आपापल्या सॅकवर बसलेल्या दोन मुली!

त्यातली उंच मुलगी आम्हाला बघून ओरडली, "आले! आजी, आले!"

झालं होतं असं की अर्ध्या वाटेत वादळाने त्या मुलींना विचारलं, "किती दिवसांनी भेटताय आईला?" तेव्हा कुठे सगळा घोटाळा उघडा पडला. त्या निघाल्या होत्या भलतीकडेच. पण वादळाने पहिल्यांदाच गाडी बाजूला घेऊन नीट विचार केला. तो म्हणाला, "तुमच्यामुळे त्यांची जागा गेली. आता तुम्हीच त्या आजींजवळ जाऊन बसा आणि सांगा, येतायत म्हणावं. सावकाशमामा आहे त्यांच्याबरोबर. उशीर करेल, पण आणेल." मुली बिचाऱ्या गुणाच्या. दुपारपासून त्या तिथे बसून होत्या. आजींनी त्यांना आपली मुलं समजून घोळ घातला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! आजी म्हणाल्या होत्या, "तुम्ही माझ्या नाही, हे मला कळतंय. पण कुणाच्या तरी आहात ना? घरी कळवलंत का कुठे आहात ते?" आणि दोघींना आत पाठवून आपापल्या आयांना फोन करायला लावला होता.

ताई अनवाणीच धावली. आईसमोर गुडघ्यांवर बसली. "आई, उशीर झाला गं. केव्हाची बसलीयस?"

मागे वृद्धाश्रमाच्या बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळपासून..." पण आजींनी मान वळवून त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बाईंचे पुढचे शब्द तोंडातच राहिले.

"आत्ताच बसले होते मी," आजी म्हणाल्या. "हे काय, आत्ताच." आणि ताईच्या रापलेल्या गालावरून हात फिरवत राहिल्या. मांडीवरच्या पिशवीचा बंद दिवसभर पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

मित्रांनो, मी गाडी आहे, मला डोळे नाहीत. पण त्या वेळी माझ्या रेडिएटरमधून टपटप पाणी गळत होतं, आणि ते सगळंच गरम झाल्यामुळे होतं असं मला वाटत नाही.

निघण्याआधी आजी परत आत गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींना म्हणाल्या, "मी दर शनिवारी तुला भेटायला येणार." आणि पुढे खरंच जात राहिल्या, असं मामाच्या तोंडून मी ऐकलं. मग त्या माझ्यात पुढच्या जागेवर बसल्या आणि नाकाने हुंगत म्हणाल्या, "पावाचा वास येतोय छान. ही गाडी माझ्याच वयाची दिसते." तिकीटबाबू, ताई आणि त्या दोन मुली मागे ट्रेंच्या मध्ये. मुली त्या रात्री ताईच्याच घरी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मामाबरोबर पंपापर्यंत परत आल्या. "मी तर रिकामाच चाललोय," मामा त्यांना म्हणाला. पंपवाल्या बाईने मग त्यांना बरोबर गाडी शोधून दिली. या वेळी तिने नीट विचारलं.

जाताना तिकीटबाबूने ती दोन परतीची तिकिटं माझ्या पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या पट्टीत खोवली. "मामा, ही हिच्याकडेच राहू द्या," तो म्हणाला. "परतीचं तिकीट म्हणजे काय, ते मला हिने शिकवलं." ती अजून तिथेच आहेत. पिवळी पडलीत. तुम्ही खेळताना पट्टी खाली ओढलीत तर दिसतील, पण फाडू नका हं.

माझा क्लच त्या पुलावरच जळाला होता; मी कशीबशी बेकरीपर्यंत परत आले आणि मग तो गेला तो गेलाच. मालक मामाला खूप बोलला आणि मामाने सगळं ऐकून घेतलं. दुरुस्तीला लागणारा खर्च बघून मालकाने मला इथे, बेकरीच्या मागे आणून लावलं. पुढे मामाही निवृत्त झाला. पण दर शनिवारी तो यायचा. माझ्या अंगावरची फडकी काढायचा, आत बसायचा, चावी फिरवायचा. मी कुठे जाऊ शकत नव्हते, पण इंजिन चालू व्हायचं. थोडा वेळ आम्ही दोघं तशीच घरघरत बसायचो. तो बेकरीतल्या पोरांना सांगायचा, "गाडी चालवून बिघडत नाही रे. नुसती उभी ठेवली की बिघडते. आठवड्यातून एकदा तरी हिला हाक मारावी लागते."

मित्रांनो, आता माझं काम सांगते. कित्येक शनिवार झाले, मामा आलेला नाही. बेकरीतली बाई परवा कुणाला तरी सांगत होती, त्याचे पाय चालत नाहीत हल्ली. आधाराशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. या गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं घर आहे ना, तुम्ही रोज त्याच्यासमोरून धावत येता, तिथे दारात एक म्हातारा खुर्चीवर बसलेला असतो. पुढे आलेले कान. तोच माझा मामा. माझी चावी त्याच्या खिशात असते.

मला रंग नको, नवा क्लच नको. माझ्यात खुशाल लपा, धुळीत काय हवं ते लिहा. फक्त या शनिवारी खेळायला येताना वाटेत त्या निळ्या दाराशी थांबा. त्याला विचारा, मामा, केव्हाचे बसला आहात? तो म्हणेल, "आत्ताच बसलो होतो."

तुम्ही त्यावर काही बोलू नका. दोघांनी दोन बाजूंनी त्याचा हात धरा, आणि त्याला इथवर घेऊन या. सावकाश.